तीनचाकीला चाकं चार

आधी हिशेब करून टाकू. ज्या गाडीला सगळं मेहकर 'तीनचाकी' म्हणतं, तिला चाकं चार आहेत. पुढे एक, मागे एक, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी चौकट जोडून बसवलेली दोन. बसवणारे कारागीर त्यांना 'साइड व्हील' म्हणतात. तरीही लोक तीनचाकीच म्हणतात, कारण कुठल्याही बाजूला उभं राहून पाहिलं तर एका वेळी तीनच चाकं दिसतात. फेरी मारून चौथं मोजायला सवड कुणाला असते? मीही आता वाद घालत नाही. 'तीन तिघाडा, काम बिघाडा' अशी म्हण मराठीत तयारच आहे, ती ऐकवायची संधी लोकांकडून का हिरावून घ्या?

उर्दूत तर चाकाची वेगळीच गंमत. मी शाळेत अर्ध्या तासिका उर्दूच्या घेतो आणि अर्ध्या मराठीच्या. मराठीत चाक म्हणजे गाडीचं चाक. उर्दू शायरीत 'चाक' म्हणजे फाटलेलं. आशिकाचं गिरेबान चाक झालेलं असतं. गाडी आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या दोन पायजम्यांच्या कडा साइड व्हीलच्या बोल्टात अडकून गेल्या. दोन्ही भाषांतले अर्थ एकाच झटक्यात समजावणारं इतकं चांगलं शैक्षणिक साहित्य बीएडला आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

माझा डावा पाय पोलिओने गेला, मी दोन वर्षांचा असताना. मी ज्या पिढीतला आहे तिच्यात हे नवल नव्हतं. प्रत्येक मोहल्ल्यात एखादा तरी कॅलिपरवाला मुलगा असायचाच. पल्स पोलिओची मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मधल्या काळात डोसाबद्दल अफवा उठायच्या, आपल्याकडे जरा जास्तच. बूथवर ड्युटी असली की मी वाद घालत बसायचो नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करायचो. आया मुकाट्याने मुलाचं तोंड उघडायच्या. आज माझ्या वर्गात पोलिओ झालेलं एकही मूल नाही, आणि या एका बाबतीत आपली जमात वाढली नाही याचा मला मनापासून आनंद आहे.

नोकरी लागल्यापासून जवळजवळ वीस वर्षं मी दुसऱ्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर काढली. मागच्या सीटवरच्या माणसाचं स्वतःचं घड्याळ नसतं. सहकाऱ्याचं सकाळी घरात वाजलं की माझ्या हजेरीपुढे उशिराची खूण. त्याच्या सासरी लग्न निघालं की माझी रजा. त्याने मला कधी नाही म्हटलं नाही, हे आधी सांगतो. पण रोज उठून एका भल्या माणसाचे उपकार घेणं किती दमवणारं असतं, हे ज्याने घेतले त्यालाच कळतं. सहा महिन्यांपूर्वी ११० सीसीची साधी स्कूटर हप्त्यावर घेतली, तिला साइड व्हीलचं किट बसवून घेतलं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसलो.

तिथून पुढची कहाणी सुखाची असेल असं मला वाटलं होतं. तशी ती आहेही. पण आधी कागद.

१९८८ चा मोटार वाहन कायदा आमच्या गाड्यांना 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचा. इंग्रजीत इनव्हॅलिड या एका शब्दाचे दोन अर्थ होतात: एक अपंग किंवा आजारी माणूस, दुसरा अवैध. व्याख्या तर त्याहून मजेदार होती. गाडी खास अशा माणसासाठीच बनवलेली पाहिजे, नुसती फेरफार केलेली चालणार नाही. म्हणजे बाजारातली स्कूटर घेऊन तिला चाकं जोडणारे आम्ही त्या इनव्हॅलिडमध्येही धड बसत नव्हतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात 'अडॅप्टेड व्हेईकल' ही नवी व्याख्या आली आणि तिच्यात फेरफार केलेल्या गाड्यांनाही जागा मिळाली. चांगलं झालं. पण शब्द कायद्यातून गेला म्हणून लोकांच्या तोंडातून जात नाही. एका नाक्यावर एका तरुण हवालदाराने माझे कागद उलटेपालटे केले आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, याच्यावर इनव्हॅलिड लिहिलंय. मग तुम्ही गाडी रस्त्यावर आणली कशी?" मी म्हटलं, "साहेब, ते गाडीबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे." तो इतका ओशाळला की त्याने हेल्मेटचा पट्टा तपासायचं सोडून दिलं.

लायसन्सच्या चाचणीतही असाच एक प्रसंग. आठचा आकडा काढताना पाय जमिनीला टेकला की नापास, अशी सूचना सगळ्यांना एकसुरात देण्यात आली. माझ्याकडे पाहून सूचना देणारे गृहस्थ मधेच थांबले. मी त्यांना धीर दिला. माझा डावा पाय तसाही गेली चाळीस वर्षं जमिनीशी फार संबंध ठेवून नाही.

गाडी चालवण्याची विद्या मात्र खरोखर नव्याने शिकावी लागते, आणि ती शिकवणारं कुणी नसतं. दुचाकी वळणावर झुकते. चालवणाऱ्याचं अंगही तिच्याबरोबर आपोआप झुकतं. आमची गाडी झुकत नाही. ती ताठ मानेने वळते आणि बसणाऱ्याला बाहेरच्या बाजूला ढकलते. त्यामुळे वळणावर वेग कमी करायचा, हँडल खरोखर फिरवायचं आणि अंग आतल्या बाजूला टाकायचं. बघणाऱ्याला वाटतं सर कुणाला तरी वाकून सलाम करताहेत. दोन-तीन जणांनी मला वालेकुम अस्सलामही केलेलं आहे.

मग खड्डे. दुचाकीवाला खड्ड्यांच्या मधून सापासारखा निघून जातो, त्याला रस्त्यावर वीतभर पट्टी पुरते. मला तीन पट्ट्या लागतात: एक मधली, दोन कडेच्या. मधलं चाक वाचवलं तर डावं जातं, डावं वाचवलं तर उजवं. तिन्ही वाचतील असा रस्ता आमच्या भागात कधी बनलाच तर मी पेढे वाटीन. सगळ्यात भारी प्रकार म्हणजे मधला खोलगट खड्डा. दोन्ही साइड व्हील खड्ड्याच्या दोन काठांवर बसतात आणि ज्याला इंजिनाची ताकद मिळते ते मधलं चाक खड्ड्यावर अधांतरी लटकतं. मी एक्सलेटर पिळतो, चाक जोरात फिरतं, मीटरचा काटा चाळिसावर जातो आणि गाडी जागची हलत नाही. मागून येणारे हॉर्न वाजवतात. त्यांना काय सांगणार, की बाबांनो, मीटरप्रमाणे मी तुमच्यापेक्षा वेगात आहे.

मेहकर चढउताराचं गाव. पैनगंगेच्या काठावरच्या जुन्या वस्तीत रस्ता एका बाजूला कलला की दुचाकी सरळ उभी राहते, आमची गाडी मात्र रस्त्याबरोबर कलते. शेजारच्या खाला पहिल्यांदा मागे बसल्या तेव्हा अशाच एका गल्लीत त्यांनी मोठ्याने कलमा पढायला सुरुवात केली होती. आता त्याच माझ्या कायम गिऱ्हाईक आहेत. मुलाच्या मोटारसायकलवर त्यांना पडायची भीती वाटते, इथे साइड व्हीलच्या पत्र्यावर पाय ठेवून आरामखुर्चीत बसल्यासारख्या बसतात. गव्हाचं दळण, गॅसची टाकी, दवाखाना, मंगळसूत्र सोनाराकडून आणायचं असलेल्या समोरच्या वहिनी, सगळ्यांना माझी गाडी सोयीची वाटते. 'सर, तुमच्याकडं जागा हाय ना?' हा प्रश्न मी आता दिवसातून सरासरी दोनदा ऐकतो. पाठीमागच्या सीटवरून पुढे आलो ते बहुधा थेट सार्वजनिक सेवेत.

पण या गाडीचं खरं दुखणं एकच आहे. तिला रिव्हर्स नाही. चारचाकीला रिव्हर्स गिअर असतो. दुचाकीवाला पाय टेकवून मागे सरकतो. आम्ही दोन्हीकडून गेलो. तोंड भिंतीकडे करून गाडी लावली की संपलं. खाली उतरून, कॅलिपर सांभाळत, शंभरावर किलोंचं धूड मागे ओढणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून मी कुठेही जायच्या आधी निघायचं कसं याचा विचार करतो. शाळेत पोरांनी यावर आपापसात व्यवस्था लावली आहे. कुणी नेमलं नव्हतं, तरी आठवीच्या दोघांची पाळी ठरलेली असते आणि पाळी चुकली तर भांडण होतं. एकाने विचारलं, "सर, इसको रिवर्स नहीं क्या?" दुसरा म्हणाला, "है ना. मैं हूँ." त्याला त्या दिवशी मी मराठीच्या तोंडी परीक्षेत एक गुण जास्त दिला, उत्तर उर्दूत असूनही.

पंक्चरवाल्याचा पेच तर न्यायालयात नेण्यासारखा आहे. हवा भरायचे दुचाकीचे दहा, चारचाकीचे वीस, असा त्याचा दर. माझी गाडी पाहून त्याने डोकं खाजवलं, एकदा भोवती फेरी मारली (त्याने चारही चाकं मोजली, एवढं मानलं पाहिजे) आणि पंधरा म्हणाला. इतका समतोल निवाडा मी आयुष्यात ऐकलेला नाही.

गॅरेजवाल्यांवर रागावण्यात अर्थ नाही हेही सांगितलं पाहिजे. वेगळ्या गाडीचा पहिला मालक नेहमीच एकटा असतो. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेली पहिली मोटार तीन चाकांचीच होती. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, त्याची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन तीन चाकांच्या तशाच गाडीतून माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. पेट्रोल पंप जगात नव्हते, इंधन तिने वाटेत औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं, आणि चढावर मुलांनी गाडी ढकलली. १८८८ हेच आमच्या मेहकरात शारंगधर बालाजीची प्रचंड मूर्ती जमिनीतून निघाली ते साल. बेर्थाबाईंना मेहकरात गाडी चालवावी लागली असती तर काय झालं असतं याचा मी कधीकधी विचार करतो. त्यांच्याकडेही ढकलायला दोन पोरं होतीच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

या सहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न असा: "सर, फुकट भेटली का?" ओळखीचे विचारतात, अनोळखी विचारतात, सिग्नलवर शेजारी थांबलेले विचारतात. कुठल्या योजनेतून, कुणाच्या हस्ते, किती टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं. मी सांगतो, हप्ता भरतो. त्यावर पुढचा माणूस थोडा हिरमुसतो, जणू मी काहीतरी लपवतोय. योजनेतून गाडी घेणाऱ्याला मी कमी समजत नाही. ज्याला पगार नाही त्याचा तो हक्कच आहे आणि तो मिळवताना त्याच्या चपला झिजतात. पण अपंग माणूस चाकांवर दिसला की ती चाकं कुणीतरी दान केली असणार, हे गृहीत कुठून आलं? १६५५ मध्ये जर्मनीत न्युरेंबर्गजवळ स्टेफन फार्फलर नावाचा एक घड्याळजी होता. त्याला चालता येत नव्हतं. त्याने स्वतःच दातेरी चाकं जुळवून हाताने फिरवायची तीन चाकांची गाडी बनवली. आज रस्त्यावर जी हाताच्या पॅडलची तीनचाकी सायकल दिसते, तिची ही पणजी. म्हणजे या जातीची गाडी मुळात गरजवंतानेच आपल्या अकलेने बनवली. फोटो काढून वाटप करण्याची पद्धत नंतरची आहे.

आणि हे वाटप झालं की सगळ्यांना वाटतं, झालं. अपंगाला गाडी दिली, प्रश्न सुटला. माझी गाडी मला दारापर्यंत नेते. दाराला पायऱ्या आहेत. मी ज्या बँकेत जातो तिथे रॅम्प आहे, चांगला पक्का आहे, आणि त्यावर रोज सहा मोटारसायकली उभ्या असतात. एका सरकारी कार्यालयात माझं काम पहिल्या मजल्यावर होतं. खालच्या शिपायाने फार आस्थेने सांगितलं, "तुम्ही कायले वर येता जी, कागद माह्याजवळ द्या." कागद वर गेला, सही राहिली म्हणून खाली आला, पुन्हा गेला, फोटो राहिला म्हणून खाली आला. मी जिन्याखाली गाडीवर बसून होतो. माझ्या कागदाने त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त व्यायाम केला.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले, आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांच्या आत सुगम्य करायच्या होत्या. म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगावं लागलं की सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. आपल्या राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही काढला. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असाही नियम आहे. हा निधी बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदा थोडी थोडी रक्कम खात्यात टाकून संपवला जातो. ज्याचं पोट त्यावर आहे त्याला ती मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्यातला काही भाग दरवर्षी एकेका इमारतीच्या पायरीवर घातला असता, तर इतक्या वर्षांत किती दारं उघडली असती? रक्कम मार्चमध्ये येते आणि एप्रिलमध्ये किराण्यात जाते. रॅम्प वीस वर्षं राहतो, आणि त्यावरून बाळाची गाडी, म्हाताऱ्याची काठी, सिझेरियन झालेली सून असे सगळेच जातात.

शाळांचं पाहा. जिथे मतदान केंद्र असतं त्या शाळेला रॅम्प बहुतेक असतोच. मत द्यायला अपंग माणूस आत आला पाहिजे यावर सगळ्या पक्षांचं एकमत आहे. शिकवायला किंवा शिकायला आत आला पाहिजे, हा विचार मतदार यादीत नाव लागल्यावरच सुचतो.

दुसऱ्यांना बोलतो तसं आपल्या घरातही बोललं पाहिजे. मोहल्ल्यातल्या मशिदीला तीन पायऱ्या आहेत, वजूखान्याला आणखी दोन, आणि तिथे फरशी ओली असते. जुम्म्याला दोन जण येऊन मला बगलेत धरून वर चढवतात, प्रेमाने, आणि तिसरा म्हणतो, "अल्लाहने बड़ा सब्र दिया है सर को." सब्र दिला आहे हे खरं. पण तीन पायऱ्या अल्लाहने बांधल्या नाहीत, गवंड्याने बांधल्या, आणि पैसे आपण जमा केले. उंच घुमटासाठी चंदा पटकन गोळा होतो. उतारासाठी मागितला की विचारतात, रोज येणारे असे किती जण आहेत? पायऱ्या असताना किती येणार?

हे सगळं असूनही गाडी विकायचा विचार माझ्या मनात एकदाही आलेला नाही. २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. मेहकरपासून वीस-पंचवीस किलोमीटर. देशभरातल्या वर्तमानपत्रांत फोटो आले. लॉकडाऊनचे दिवस, मला नेणार कोण? मी ते पाणी दुसऱ्यांच्या मोबाईलवर पाहिलं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी कुणालाही न विचारता निघालो. कुणालाही न विचारता, हे शब्द मी मुद्दाम दोनदा लिहितोय. सरोवराच्या काठावर गाडी उभी केली. पाणी हिरवट होतं. खाली उतरणं मला शक्य नाही, ते अपेक्षितही नव्हतं. तासभर बसलो, थर्मासमधला चहा प्यायलो आणि परत आलो. घरी बेगमने विचारलं, कुणाबरोबर गेला होतात? मी म्हटलं, चार चाकांबरोबर.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, मेहकरला चढायची-उतरायची सोय आहे. तिथे दुचाकीला आणि तीनचाकीला मनाई आहे, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जिथे मोटारी ताशी १२० ने जातात तिथे सलाम करत वळणारा माणूस बरा नव्हे. मला समृद्धीवर जायचंच नाही. मला वजूखान्यापर्यंत जायचं आहे.

त्यासाठी गेल्या महिन्यात मशिदीच्या कमिटीपुढे मोजमाप ठेवलं आहे. रॅम्पला एक इंच चढायला एक फूट लांबी लागते. तीन पायऱ्या मिळून अठरा इंच, म्हणजे अठरा फूट उतार. समोर मोकळी जागा चौदा फूट आहे. गवंडी म्हणाला, मधे वळण देऊन बसवतो, खर्चही सांगितला. खर्चावरून कुणी हरकत घेतली नाही. हरकत निघाली ती चपलांच्या रॅकवरून, कारण वळण नेमकं तिथे येतं आणि रॅक हलवायचा म्हटलं तर तो एका मरहूम बुजुर्गांच्या नावाने दिलेला आहे. रमजान झाल्यावर बघू, असं ठरलं आहे.